किनाऱ्यालगतचा उथळ तळ मोजताना : नाव, विमान आणि मधली कोरी पट्टी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर लहान जेट्टी बांधायची आहे आणि तिच्यापर्यंत होड्यांना येण्याजाण्याची सुरक्षित वाट आखायची आहे. त्यासाठी किनाऱ्याला समांतर दोन किलोमीटर आणि समुद्राकडे एक किलोमीटर अशा पट्ट्याचा, शून्य ते दहा मीटर खोलीपर्यंतचा तळाचा नकाशा हवा आहे. एका सल्लागाराने नावेवर मल्टिबीम सोनार (ध्वनीच्या अनेक किरणांनी तळ मोजणारे यंत्र) लावून दोन आठवड्यांचे काम सांगितले आहे, तर दुसऱ्याने विमानातून हिरव्या लेझरने हेच काम एका सकाळी उरकू असे म्हटले आहे. पाणी एवढे उथळ असताना सोनारवाल्यांना इतके दिवस कशाला लागतात, आणि लेझरवर विश्वास ठेवावा का, असे दोन प्रश्न त्यात आहेत. मी गेली वीसहून अधिक वर्षे जलसर्वेक्षणाचे काम करतो आणि त्यातला बराच काळ दहा मीटरच्या आतल्या पाण्यातच गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन आठवड्यांचा अंदाज ऐकून फसवणुकीची शंका येणे स्वाभाविक आहे, परंतु हिशेब केला तर तो प्रामाणिक आहे असे दिसते. मल्टिबीम सोनार नावेच्या तळाखालून ध्वनीचा पंखा पसरतो. उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साठ-साठ अंश धरले तर तळावर उमटणाऱ्या पट्ट्याची रुंदी सोनारखालच्या पाण्याच्या साधारण साडेतीन पट होते. पाणी चाळीस मीटर असेल तर हा पट्टा जवळजवळ १४० मीटर रुंद पडतो. तुमच्याकडे सरासरी चार मीटर पाणी आहे आणि सोनार अर्धा मीटर बुडालेला असतो, म्हणजे पट्टा उरतो बारा मीटरचा. त्याच्या कडा कमी भरवशाच्या असतात आणि शेजारचे पट्टे एकमेकांवर चढले पाहिजेत, म्हणून दोन फेऱ्यांमध्ये नऊ मीटर अंतर ठेवावे लागते. एक किलोमीटर रुंदीत अशा १११ फेऱ्या बसतात, प्रत्येक फेरी दोन किलोमीटरची, म्हणजे सुमारे २२० किलोमीटर. चार नॉटने, म्हणजे ताशी सुमारे साडेसात किलोमीटरने, हे तीस तासांचे निव्वळ चालणे झाले, आणि त्यात वळणे, चाचण्या, जाळ्यांना घातलेले वळसे धरलेले नाहीत. कोकणात अकरा-साडेअकरानंतर वारा उठला की लहान नाव इतकी डोलते की नोंदींना अर्थ उरत नाही, त्यामुळे दिवसाला चार-साडेचार तासच खरे कामाचे मिळतात. हेच क्षेत्र चाळीस मीटर खोलीवर असते तर नऊ-दहा फेऱ्यांत, तीन तासांच्या आत आटोपले असते. म्हणजे पाणी जितके कमी, तितके सोनारचे काम जास्त. जमिनीवरच्या माणसाला हे उलटे वाटते, पण आमच्या धंद्याचे सगळे अर्थकारण याच एका गोष्टीवर चालते.

विमानाचे गणित नेमके उलटे आहे. चारशे मीटर उंचीवरून उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वीस अंश झाडणारा लेझर पाण्यावर सुमारे २९० मीटर रुंद पट्टा पाडतो, आणि खाली पाणी एक मीटर असो की आठ मीटर, ती रुंदी जवळपास तेवढीच राहते. तुमचा एक किलोमीटर पाच फेऱ्यांत झाकला जाईल आणि प्रत्येक फेरीला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागणार नाही. तेव्हा ‘एका सकाळी’ हा दावाही खोटा नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या सकाळी लेझरला तळ दिसेल का.

या यंत्राचे काम समजून घेण्यासारखे आहे. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर तयार होतो आणि विशिष्ट स्फटिकातून त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण मिळवला जातो. अवरक्त प्रकाश पाण्यात जवळजवळ शिरतच नाही, म्हणून बऱ्याच यंत्रांत त्याच्या परतीवरून पाण्याचा पृष्ठभाग ठरवला जातो. हिरवा किरण खाली जातो, तळावर आपटतो आणि फार क्षीण होऊन परत येतो. पृष्ठभागाची परत आणि तळाची परत यांच्यामधला काळ म्हणजे खोली. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्याच्या साधारण तीन चतुर्थांश, म्हणून पाच मीटर पाण्याला जाऊन-येऊन अवघे ४४ नॅनोसेकंद लागतात. याच पाच मीटरला ध्वनी साडेसहा मिलिसेकंद घेतो, म्हणजे जवळजवळ दीड लाख पट जास्त. लेझरच्या घड्याळात एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर खोलीत अकरा सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात. त्यातही एक अडचण अशी की लेझरचा ठोका स्वतःच पाच नॅनोसेकंद लांबीचा असेल, तर अर्ध्या मीटरहून उथळ पाण्यात पृष्ठभागाची आणि तळाची परत एकमेकींत मिसळून जातात. अलीकडची यंत्रे दीड-दोन नॅनोसेकंदांचे आखूड ठोके वापरतात आणि ही अडचण बरीच कमी करतात, परंतु त्यांची प्रत्येक ठोक्यामागची शक्ती कमी असल्याने ती खोल जात नाहीत. खोल जाणारे ताकदवान यंत्र आणि बारीक तपशील देणारे हलके यंत्र अशी ही विभागणी आहे, म्हणून ‘लेझर’ एवढा एकच शब्द दरपत्रकात लिहिलेला असेल तर कोणते यंत्र, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा, आणि माझ्या मते तुमच्या निर्णयाचा तोच पाया असला पाहिजे : पाण्याची पारदर्शकता. ती मोजण्याचे साधन आजही तेच आहे जे आंजेलो सेक्की या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या आरमारातील जहाजावरून वापरले. एक पांढरी तबकडी, दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईल ती खोली लिहून ठेवायची. हलके लेझर यंत्र साधारणपणे या खोलीच्या दीडपट, तर ताकदवान यंत्र अडीच ते तीन पटीपर्यंत तळ पकडते, असा ढोबळ नियम आहे. मुंबईच्या बंदरात किंवा ठाण्याच्या खाडीत तबकडी हातभर खाली गेली की नाहीशी होते. तेथे कोट्यवधी रुपयांचे विमान नेणे म्हणजे चिखलाचे छायाचित्र काढणे होय. मालवणच्या खडकाळ भागात मात्र डिसेंबर-जानेवारीतल्या शांत दिवशी चार-पाच मीटरपर्यंत दिसते, आणि म्हणूनच तेथे पाण्याखाली मासे दाखवण्याचा व्यवसाय उभा राहिला. त्याच मालवणपासून थोडे दक्षिणेला, देवबागजवळ कर्लीच्या मुखाशी, सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी खाडीचे गढूळ पाणी बाहेर पडू लागले की तासाभरात तेवढ्याच जागी मीटरभरही दिसत नाही. म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, लेझरसाठी पाणी सकाळी योग्य आणि दुपारी अयोग्य असू शकते.

तळाचा रंगही महत्त्वाचा आहे, आणि दरपत्रकांत त्याचा उल्लेख मला क्वचितच आढळतो. पांढरी प्रवाळी वाळू प्रकाश चांगला परतवते. आपल्याकडचा काळसर खडक, त्यावरचे शेवाळ आणि खाडीतला काळा गाळ तो गिळून टाकतात. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने १९९३ पासून विमानातील लेझर खोलीमापक वापरून ग्रेट बॅरियर रीफचे प्रचंड क्षेत्र मोजले, आणि हे तंत्र यशस्वी झाल्याचे उदाहरण म्हणून तेच नेहमी पुढे केले जाते. ते योग्यच आहे. पण तेथले पाणी नितळ, तळ फिकट, आणि प्रवाळांच्या दाटीत नाव घालणे धोक्याचे, असे तिन्ही योग जुळून आले होते. आपल्याकडे हे योग लक्षद्वीपमध्ये जुळतात. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर समुद्रात असलेल्या, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावरही जुळतात. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि पाणी नितळ आहे. गंमत अशी की जेथे लेझरला उत्तम दिसते ते आपल्या किनाऱ्यापासून इतके दूर आहे, आणि जेथे आपल्याला जेट्टी बांधायची आहे तेथे त्याला अंधारी येते.

लाटा फुटतात त्या पट्ट्यात दोघेही हरतात. फेसातल्या बुडबुड्यांवर ध्वनीही विखुरतो आणि प्रकाशही. तेथे निवांत समुद्राची वाट पाहणे हाच उपाय आहे.

सोनारच्या बाजूचे दोष वेगळे आहेत, आणि ते जास्त फसवे आहेत, कारण लेझरला दिसत नाही तेव्हा नकाशात सरळ भोक पडते, पण सोनार चुकतो तेव्हा सुंदर नकाशा तयार होतो. एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबरचा शेवट होता, पाऊस नुकताच ओसरला होता आणि आम्ही एका खाडीच्या मुखाबाहेर काम करत होतो. सकाळी सहा वाजता भरतीच्या पाण्यात ध्वनीवेगाचे मापन घेतले, ते १५४० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास आले, आणि मी तेच दिवसभर वापरले. संध्याकाळी पडद्यावर तळ पाहिला तर तो पन्हाळी पत्र्यासारखा दिसत होता, अगदी नियमित उंचवटे आणि खळगे. माझा सहकारी म्हणाला, वाळूच्या लहरी आहेत, आणि दहा मिनिटे मलाही ते पटले. मग लक्षात आले की सगळ्या लहरी आमच्या नावेच्या फेऱ्यांना समांतर आहेत आणि दोन लहरींमधले अंतर बरोबर आमच्या फेऱ्यांमधल्या अंतराएवढे आहे. झाले होते ते असे : दहा वाजता सुकती लागली, खाडीचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यावर पसरले, आणि गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग तेवढ्याच तापमानाला पस्तीसेक मीटर प्रतिसेकंदाने कमी असतो. दोन थरांच्या सीमेवर तिरपे किरण वाकले, प्रत्येक पट्ट्याच्या कडा चुकीच्या खोलीवर पडल्या, आणि त्या चुकांची मिळून ती ‘वाळू’ तयार झाली. ते सगळे काम पुन्हा करावे लागले, स्वखर्चाने. तेव्हापासून खाडीच्या मुखाशी मी दर तासाला, आणि पाण्याचा रंग बदललेला दिसला की लगेच, वेगाचे मापन घेतो.

दुसरा धोका संगणकाने ‘स्वच्छ’ केलेल्या माहितीचा आहे. तारलीचा थवा सोनारला टेकडीसारखा दिसतो आणि एकटा उभा सुळका कचऱ्यासारखा दिसतो. आपोआप गाळणी लावली की कधी थवा शिल्लक राहतो आणि सुळका उडतो. एका कामात आमच्या नावेचा तांडेल रोज एका जागेकडे बोट दाखवून म्हणे, ‘‘थंय खडप आसा, सुकतीक लाट मोडता.’’ (तेथे बुडालेला खडक आहे, ओहोटीला लाट फुटते.) आमच्या जुन्या एकबीम (नावेखाली एकच किरण सोडणाऱ्या सोनारच्या) नोंदींत तेथे सपाट वाळू होती, कारण वीस मीटरच्या अंतराने घेतलेल्या रेषांच्या बरोबर मध्ये ते खडप बसले होते. मल्टिबीमने ते पकडले, आणि गाळणीने पहिल्याच फेरीत ते पुसूनही टाकले. तांडेलाने सांगितले नसते तर मी मूळ नोंदी उघडून पाहिल्याच नसत्या. म्हणून काम सुरू करण्याआधी गावातल्या दोन-तीन जुन्या मच्छीमारांना घेऊन, त्यांनी वावांत सांगितलेली खोली आणि खडपांच्या जागा हाताने नकाशावर काढून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगतो. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट, आणि त्यांचे आकडे वाटतात त्याहून बरेच नेमके असतात.

आता त्या कोऱ्या पट्टीकडे येतो. जमिनीचा नकाशा भरतीच्या रेषेशी संपतो, नावेचा नकाशा दोन-तीन मीटर पाण्याशी सुरू होतो, आणि मधली चिंचोळी पट्टी दोघांतही कोरी राहते. तुमची जेट्टी नेमकी याच पट्टीत उभी राहणार आहे. हवाई लेझरचे खरे मोल येथे आहे, कारण तो जमीन आणि उथळ पाणी एकाच झपाट्यात मोजतो. पण आपल्याकडे ही पट्टी बुजवण्याचे आणखी एक साधन फुकट मिळते, ते म्हणजे भरती-सुकती. मालवणच्या आसपास उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी सुमारे दोन मीटरने चढते-उतरते. उधाणाच्या भरतीला अर्धा मीटर बुडणारी नाव खाली अर्धा मीटर राखूनही अशा जागी जाऊ शकते जी नकाशाच्या शून्य पातळीपेक्षा मीटरभर उंच आहे. त्याच उधाणाच्या सुकतीला, पाणी तळाला गेले असताना, साधे ड्रोन उडवून उघड्या पडलेल्या खडपांची आणि वाळूची छायाचित्रे घेतली, तर तीच जागा वरून मोजली जाते. दोन्ही मापे सुमारे पाऊण मीटर उंचीच्या पट्ट्यात एकमेकांवर येतात, आणि त्यांचा मेळ बसतो की नाही हे पाहिले की दोघांचीही परीक्षा होते. मुंबईकडे उधाणाचा चढउतार चार मीटरच्या पुढे जातो, तेथे ही सोय आणखी मोठी आहे. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, चढउतार सर्वांत कमी असतो तेव्हा) मात्र हे जमत नाही, त्यामुळे कामाचे वेळापत्रक अमावास्या-पौर्णिमा पाहून लावावे लागते.

शून्य पातळीचा उल्लेख आला आहे म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण तुमच्या कामात पैसा बुडण्याची सर्वाधिक शक्यता येथेच आहे. समुद्राच्या नकाशातील खोली सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. ती फार खाली उतरलेल्या सुकतीच्या पातळीपासून मोजलेली असते. भारतात त्यासाठी वापरली जाणारी उधाणाच्या नीचतम जलपातळीची व्याख्या चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने भारतीय भरती-ओहोटीचा अभ्यास करून बसवली. जमिनीचे आराखडे मात्र सरासरी समुद्रसपाटी धरतात. या दोहोंमधले अंतर मुंबईत सुमारे अडीच मीटर आहे, तर गोव्यातील मुरगावला सुमारे १.३ मीटर. लेझर आणि आधुनिक सोनार या दोघांनाही उपग्रहांवरून मिळते ती तिसरीच पातळी, पृथ्वीच्या गणिती लंबगोलाची. मी स्वतः असा एक आराखडा पाहिला आहे ज्यात धक्क्याचा माथा एका पातळीवरून आणि समोरची खोली दुसऱ्या पातळीवरून घेतलेली होती, आणि ते सही होऊन आलेले होते. तेव्हा करारात एक वाक्य जरूर घालावे : तिन्ही पातळ्यांमधला त्या जागेवरचा फरक सर्वेक्षकाने मोजून द्यावा, आणि त्यासाठी कामाच्या जागीच किमान महिनाभर भरतीमापक ठेवावा. दूरच्या बंदराच्या भरती-कोष्टकावर भागवू देऊ नये.

तुमच्या पट्ट्यात खाडीचे मुख येत असेल तर आणखी एक गोष्ट. तेथे तळ नेमका कोठे सुरू होतो हाच वादाचा विषय असतो. दोनशे किलोहर्ट्झचा ध्वनी पातळ गाळाच्या माथ्यावरून परततो, तर तेहतीस किलोहर्ट्झचा त्यातून आरपार जाऊन खालच्या घट्ट थरावरून परततो, आणि दोन्हींमध्ये कधी अर्धा मीटर, कधी त्याहून अधिक अंतर पडते. होडी त्या पातळ गाळातून जाऊ शकते, पण गाळ काढणारा ठेकेदार कोणत्या रेषेपासून घनमीटर मोजतो यावर बिल ठरते. खाडीमुखाशी मल्टिबीमच्या जोडीला साधा दुहेरी वारंवारतेचा एकबीम चालवून दोन्ही रेषा नोंदवाव्यात. लेझरला येथे जागा नाही.

माझे मत विचाराल तर दोन चौरस किलोमीटरच्या तुमच्या कामासाठी विमान आणू नये. विमान तळावर आणणे, संरक्षण आणि नागरी विमान वाहतूक खात्यांच्या परवानग्या, आणि योग्य पाण्याची वाट पाहत उभे ठेवलेले यंत्र, हा सगळा खर्च शंभर-दोनशे किलोमीटर किनाऱ्यावर विभागला गेला तरच परवडतो; जिल्ह्याचा संपूर्ण किनारा एकदम मोजायचा असता तर मी उलट सल्ला दिला असता, आणि गढूळ मुखे सोनारसाठी राखून ठेवली असती. ड्रोनवर बसणारे हिरवे लेझर आता मिळू लागले आहेत आणि खडकाळ, नितळ भागातील कोऱ्या पट्टीसाठी ते उपयोगी पडतील, पण ते सोनारच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. होड्यांच्या वाटेत मीटरभराचा खडकही सुटता कामा नये, आणि आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ मानकातील विशेष श्रेणी नेमके हेच मागते : एक मीटरचा घनाकार अडथळा सापडला पाहिजे आणि दहा मीटर खोलीवर उभी अनिश्चितता सुमारे २६ सेंटिमीटरच्या आत राहिली पाहिजे. वाटेपुरती ही श्रेणी मागावी. बाकीच्या पट्ट्याला त्याखालची श्रेणी पुरते, आणि एवढ्याने सल्लागाराचे दोन-तीन दिवस वाचतील, ते दरात उतरवून घ्यावेत.

दोन्ही सल्लागारांना बोलावण्याआधी मात्र एक काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. एक फूट व्यासाची पत्र्याची तबकडी पांढरी रंगवून घ्या, खाली वजन आणि वर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारलेली दोरी बांधा, आणि नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्यातून दोनदा, एकदा भरतीच्या माथ्यावर आणि एकदा सुकती अर्धी झाल्यावर, ठरलेल्या पाच जागी सोडून आकडे वहीत लिहा. लेझरवाल्यांपुढे ती वही ठेवा आणि त्यांच्या यंत्राला या पाण्यात किती मीटर तळ दिसेल ते लेखी मागा. आकडा न देता जो नुसते ‘हवामानावर अवलंबून’ असे लिहील, त्याचे दरपत्रक बाजूला काढायला हरकत नाही. सोनारवाल्यांकडून रोजची ध्वनीवेगाची मापने वेळेसह, सोनारखाली ठरलेल्या खोलीवर लोखंडी पाटी सोडून केलेल्या चाचणीची नोंद, फेऱ्यांना काटकोनात घेतलेल्या तपासणी रेषा, आणि गाळणी न लावलेल्या मूळ नोंदी मागून घ्या. मूळ नोंदी द्यायला बरेच जण कांकूं करतात, म्हणून तो मुद्दा पैसे ठरण्याआधीच लिहून घ्यावा.